सिंहलाचे तारू आणि मावळातील आसरा

(पानशेत येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

खोल समुद्रात निघालेले तारू, त्यावरील खलाशी आणि पाण्यातून वर येऊन त्यांना भुरळ घालणारी स्त्री, हे कथासूत्र जगातील अनेक दर्यावर्दी समाजांच्या वाङ्मयात आढळते. ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'मध्ये नायक स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि मगच सायरन नावाच्या गाणाऱ्या स्त्रियांच्या बेटाजवळून तारू हाकारतो. या सायरन प्राचीन ग्रीक चित्रांत पक्षिदेहाच्या आहेत आणि त्यांना माशाचे शेपूट लाभले ते मध्ययुगीन युरोपात. कोलंबसाने ९ जानेवारी १४९३ रोजी कॅरिबियन बेटांजवळ अशा तीन जलस्त्रिया पाहिल्याची नोंद केली आणि त्या चित्रांत दाखवतात तितक्या सुंदर नसल्याची तक्रारही करून ठेवली. त्याने पाहिलेले प्राणी मॅनाटी या सस्तन जलचराच्या जातीचे असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे, किमान दोन हजार वर्षांची जहाजांची परंपरा आहे, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. तरीही खलाशावर प्रेम करणारी किंवा त्याला बुडवणारी मत्स्यकन्या मराठी लोकमानसात ठळकपणे उभी राहिली नाही. या अनुपस्थितीचे कारण समुद्रकाठी शोधून हाती फारसे लागत नाही. घाटमाथ्यावर, मुठा, मोसे, आंबी, कानंदी आणि गुंजवणी यांच्या खोऱ्यांत ते अधिक स्पष्टपणे दिसते, आणि म्हणून हा विषय पानशेतमध्ये मांडणे वरकरणी वाटते तितके विचित्र नाही.

प्रथम महाराष्ट्रात खरोखर उपलब्ध असलेल्या अशा एका तारवाकडे वळले पाहिजे. अजिंठ्याचे १७ क्रमांकाचे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या एका मांडलिक राजाने खोदवले. त्याच्या मंडपातील उजव्या भिंतीवर सिंहलावदानाचे विस्तीर्ण चित्र आहे. अवदान म्हणजे पूर्वकर्म आणि त्याचे फळ सांगणारी बौद्ध कथा. या कथेत सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांसह तारवातून निघतो, वादळात तारू फुटते आणि लाटांनी किनाऱ्याला लावलेल्या या माणसांना ताम्रद्वीपावरील स्त्रिया हात देऊन बाहेर काढतात, घरे देतात, अन्न देतात, संसार थाटतात. अट एवढीच, की दक्षिणेच्या वाटेने जायचे नाही. सिंहल एका रात्री नेमका त्याच वाटेने जातो आणि त्याला दारे नसलेला लोखंडी कोट दिसतो. आत पूर्वीच्या फुटलेल्या तारवांवरचे व्यापारी कोंडलेले असतात, आणि नवे तारू लागले की जुने नवरे या कोटात टाकून एकेक करून खायचे, ही त्या बेटाची रीत असल्याचे तेच त्याला सांगतात. सुटकेचा मार्ग एकच असतो. बालाह नावाचा शुभ्र अश्वराज पौर्णिमेला किनाऱ्यावर येतो आणि पलीकडे कोणाला जायचे आहे, असे विचारतो. त्याच्या पाठीवर बसलेल्याने मागे वळून पाहायचे नाही, बायकोचा किंवा मुलाचा मोह धरायचा नाही. जो वळतो तो खाली पडतो आणि पडलेल्याला त्या राक्षसी तिथेच फाडून खातात.

हीच कथा पाली जातकांत १९६ व्या क्रमांकाच्या वलाहस्स जातकात अधिक आटोपशीरपणे येते आणि दुर्गा भागवत यांनी मराठीत आणलेल्या 'सिद्धार्थ जातका'मुळे ती मराठी वाचकालाही उपलब्ध आहे. जातकातील एक बारकावा मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे: व्यापाऱ्यांच्या प्रमुखाला संशय येतो तो कोणतेही भयंकर दृश्य पाहून नव्हे, तर मध्यरात्री उठून गेलेली त्याची यक्षिणी बायको परत येऊन शेजारी निजते तेव्हा तिचे अंग गार लागते म्हणून. एवढ्या एका स्पर्शात संसाराचा सगळा बनाव उघडा पाडणारा कथाकार सामान्य नव्हे. पुढे निम्मे, म्हणजे अडीचशे, व्यापारी प्रमुखाचे ऐकतात आणि वाचतात. उरलेले अडीचशे सर्व कळूनही तिथेच राहतात, आणि कथेतील सर्वांत खरे वाटणारे वाक्य या दुसऱ्या अडीचशेंच्या निर्णयाचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराने मात्र कथा सिंहलाच्या विजयापर्यंत नेली आहे. सिंहलाच्या मागोमाग आलेली राक्षसी राजाला भुलवते, राजवाड्यातील माणसे खाऊन टाकते, मग लोक सिंहलाला राजा करतात आणि तो सैन्य घेऊन बेटावर उतरतो; हत्ती आणि घोडे नावांतून उतरवण्याचा तो प्रसंग अजिंठ्यातील सर्वांत गजबजलेल्या चित्रांपैकी एक आहे. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग यानेही ही कथा लिहून ठेवली आणि राक्षसींच्या नगरातील मनोऱ्यांवरचे ध्वज शुभाशुभ घडण्याआधी आपोआप हलत, असा तपशील तिला जोडला.

सिंहलकथेतील स्त्रिया पाण्यात राहत नाहीत, त्यांना माशाचे शेपूटही नाही, पण त्यांचे काम सायरनांचेच आहे. मात्र या कथेचा कर्ता खलाशी नाही, हे विसरता येत नाही. ती मठात घडली, भिक्षूंनी सांगितली आणि व्यापाऱ्यांनी ऐकली. तिच्यातील स्त्री म्हणजे आसक्तीचे रूप आहे, समुद्र म्हणजे संसार आहे आणि घोडा म्हणजे साक्षात बोधिसत्त्व. तारू हाकारणारा तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, शीड ओढणारे खलाशी, पाणी उपसणारा पोऱ्या यांच्यापैकी एकालाही या कथेत नाव नाही. तारू पहिल्याच वादळात फुटते आणि त्याच्याबरोबर तारवावरची माणसे कथेतून बाद होतात.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या बंदरातून सुटलेले दुसरे तारू दिव्यावदानातील पूर्णाच्या कथेत आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तो दासीपुत्र व्यापारी समुद्रावर नाव कमावून अखेर भिक्षू झाला, आणि त्याचा भाऊ गोशीर्ष नावाच्या चंदनाच्या शोधात गेला असता चंदनवनाचा रक्षक असलेल्या यक्षाने उठवलेल्या वादळातून पूर्णाने आकाशमार्गे येऊन त्याला वाचवले. त्या चंदनाचा प्रासाद सोपाऱ्यात उभारून त्यात बुद्धाचे स्वागत झाले, असे कथा सांगते. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणला तेव्हा त्यात भिक्षापात्राचे मानलेले तुकडे निघाले. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात या कथेतील जहाज रंगवलेले आहे: तीन डोलकाठ्या, उंच आणि अरुंद शिडे, मागील बाजूस वल्ह्याच्या आकाराचे सुकाणू आणि छपराखाली ओळीने मांडलेले रांजण. अलीकडे भारतीय नौदलाने त्या चित्रावरून, लाकडी फळ्या काथ्याने शिवून, एक जहाज गोव्यात बांधवून घेतले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. पंधरा शतकांपूर्वीच्या भिंतीवरच्या रंगांतून निघालेले जहाज खऱ्या पाण्यावर तरंगावे, ही घटना कोणत्याही दंतकथेपेक्षा कमी नवलाची नाही. येथे प्रस्तुत मुद्दा इतकाच, की पूर्णाच्या कथेत संकट आणणारा यक्ष पुरुष आहे. औरंगाबादच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर ज्या आठ भयांतून भक्तांना सोडवतो त्यांत जहाज फुटण्याचे भय आहे, तेथेही मोह घालणारी स्त्री नाही. लाकूड, वारा आणि पाणी एवढेच भय पुरेसे मानलेले आहे.

भुलवणाऱ्या स्त्रियांच्या बेटाची कल्पना मराठीत टिकली, पण ती समुद्रावरून जमिनीवर आली. १८१९ मध्ये धुंडीसुत मालू यांनी रचलेल्या 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात मैनाकिनीच्या सहवासात गुंततात आणि गोरक्षनाथ मृदंगाच्या बोलांतून त्यांना जागे करतात. ज्याचा जन्मच माशाच्या पोटातून झाला त्या नाथाला जमिनीवरच्या राज्यात अडकवावे, यात समुद्राविषयीची मराठी उदासीनता दिसते, असे कोणी म्हटले तर त्याला विरोध करणे कठीण आहे. लोकप्रिय कथेत समुद्र ओलांडणाऱ्या मारुतीची गाठही मगरीशी पडते, पण तीही घामाचा एक थेंब गिळण्यापुरती; मकरध्वज जन्मतो, प्रणय मात्र घडत नाही.

मग मराठी पाण्यातील स्त्री कोण, या प्रश्नाचे उत्तर साती आसरा असे आहे. आसरा म्हणजे अप्सरा, पण इंद्रसभेत नाचणाऱ्या नव्हेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ व्या सूक्तात पुरूरव्याला सोडून गेलेली उर्वशी ज्या जातीची आहे, आणि शतपथ ब्राह्मणाच्या कथेत जी आपल्या सख्यांसह कमळांच्या सरोवरात जलपक्षी होऊन विहरते, त्या मूळ जलवासिनींची ही घराण्यातील धाकटी पाती म्हणता येईल. ग्रंथांत जलमातृका म्हणून त्यांची मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी सात नावे मिळतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर हे प्राणी त्यांत उघड ओळखू येतात. म्हणजे डोहातील जीवसृष्टीच येथे देवीरूपाने मोजलेली आहे. अर्धी स्त्री आणि अर्धा मासा अशी जोडणी करण्याची गरज या परंपरेला भासली नाही, कारण मासोळी स्वतःच पूर्ण देवी होती.

कोकणातील आसरांविषयीची एक जुनी छापील नोंद आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या पुस्तकात आहे. हे पुस्तक ज्याने जमवलेल्या साहित्यावरून तयार झाले तो अधिकारी म्हणजे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेला जॅक्सन. साम्राज्याचा कलेक्टर आणि लोकसमजुतींचा संग्राहक एकाच माणसात कसे नांदत होते, हा स्वतंत्र विषय आहे. या संग्रहात आसरा म्हणजे पाण्यात जीव दिलेल्या तरुण लेकुरवाळ्या स्त्रियांची भुते मानलेली आहेत. त्या घोळक्याने राहतात, भर दुपारी, तिन्हीसांजेला किंवा मध्यरात्री पाण्यावर गेलेल्याला धरतात आणि भात, हळदकुंकू, हिरवे खण देऊन त्यांना शांत करावे लागते. नावाड्यांना आणि वाटसरूंना चकवणारा गिऱ्हा नावाचा पुरुष जलभूतही याच समजुतींत आहे. रात्री नदीच्या पाण्यात ओढून नेणारा, पण त्याच्या डोक्याचा केस हाती लागला तर मुकाट्याने चाकरी करणारा. पाण्यात भुलवून नेण्याचे जे काम युरोपने सुंदर स्त्रीकडे दिले ते कोकणाने या केसाळ पुरुषाकडे सोपवले.

आसरांचे ठाणे मंदिरात नसते. नदीच्या डोहाकाठी, विहिरीच्या कडेला, तळ्याच्या पाळीवर सात तांदळे, म्हणजे न घडवलेले गोल दगड, एका ओळीत मांडलेले असतात. त्यांवर शेंदराचे थर इतके चढलेले असतात की दगडाचा मूळ आकार कळत नाही, बाजूला बहुधा म्हसोबाचा आठवा दगड राखणदार भावाच्या नात्याने उभा असतो, समोर पानावर दहीभात, लिंबू, हिरव्या काचेच्या बांगड्या, खणाचा तुकडा आणि वाऱ्याने उडून दगडांच्या सांदीत बसलेले हळदकुंकू. मूल दचकून उठू लागले, बाळंतिणीला बाधा झाली, नव्या विहिरीला पाणी लागले, की ओटी भरायची. येथे पुरुषाला मोहात पाडण्याचा प्रश्नच येत नाही. आसरांचे देणेघेणे मुख्यतः बायकांशी आणि मुलांशी आहे, आणि ते नीट पाळले तर त्या पाणी देतात, चुकवले तर माणूस घेतात. पाण्याच्या या हिशेबात प्रेम नाही, मत्सर नाही, आहे तो थकबाकी न ठेवण्याचा व्यवहार.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात पुणे परिसरातील पायवाटा तुडवून मातृदेवतांची जी ठाणी नोंदवली त्यांत पाण्याकाठच्या, नेहमी समूहानेच पुजल्या जाणाऱ्या मावलायांचा विचार आहे आणि आसरांशी त्यांचे नाते त्यांनी दाखवले आहे. पुढे ॲन फेल्डहाऊस यांनी १९९५ च्या 'वॉटर अँड वुमनहूड' या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांचे स्त्रीरूप सविस्तर तपासले. या दोघांच्या लेखनातून एवढे तरी निश्चित होते की मावळातील पाण्याची स्त्री एकटी नसते. युरोपातील जलपरी एकटी खडकावर बसते आणि एका पुरुषाची वाट पाहते. मावळातील सातजणी बहिणी आहेत, त्यांना नवरा नाही आणि त्याची उणीवही नाही. ज्या कथेत स्त्रिया सात आणि त्यांच्यात बहिणीबहिणींचे नाते, तिच्यात खलाशाच्या प्रणयाला जागा कशी मिळणार?

समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांनी काय केले, हे आता पाहता येईल. श्रावणातील नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला अर्पण करून पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. तो दर्या पुरुषदेव आहे. मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळी आणि आगरी कुळांची आई मात्र समुद्रात नाही. ती कार्ल्याच्या डोंगरात एकवीरा म्हणून बसलेली आहे, अगदी चैत्यगृहाच्या शेजारी, जिथे वैजयंतीच्या आणि धेनुकाकटाच्या दात्यांनी आपली नावे कोरून ठेवली. चैत्रात पालख्या घेऊन किनाऱ्यावरची माणसे घाट चढून या आईकडे येतात, आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हार चढवून त्याच आईचे नाव रंगवतात. ज्याला रोज मरणाच्या तोंडात जाळे टाकायचे आहे त्याला लाटांत मोहिनी नको असते. घरी परत आणणारी आई हवी असते आणि ती पाण्याच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर हवी असते. मत्स्यकन्येच्या अनुपस्थितीचे प्रस्तुत व्याख्यानाला पटलेले उत्तर हेच आहे.

डोंगर आणि दर्या यांच्यातील हे नाते एका दुसऱ्या तारवाच्या आख्यायिकेतही आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे जोखमीचे काम शिवकालात लाय पाटील या कोळी नायकाने पार पाडले. त्या शिड्यांवरून मोरोपंत पिंगळ्यांच्या लोकांनी चढायचे होते, पण ते वेळेवर पोचले नाहीत आणि उजाडायच्या आत शिड्या काढून घ्याव्या लागल्या. शिवाजी महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला, दर्यावर पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा 'पालखी' नावाचे गलबत बांधून त्याला दिले, अशी परंपरागत कथा आहे. मराठी आख्यायिकेने एका तारवाला नाव देऊन अमर केले ते असे. त्यावर कोणी जलपरी रेलून बसलेली नाही. मान, कष्ट आणि राजाने ठेवलेली जाण एवढाच त्याचा साज आहे.

पानशेतच्या खोऱ्यातून घोळ गावावरून कोकणदिव्याच्या बाजूने कावल्या घाट उतरला की रायगडचा मुलूख लागतो, आणि पुढे सावित्रीकाठचे महाड, जे एकेकाळी गलबतांचे बंदर होते. म्हणजे आंबीच्या डोहावर दहीभात ठेवणारी माणसे आणि गलबतावर मीठमासळी आणणारी माणसे एकमेकांना परकी नव्हती. या डोहांचे पुढे काय झाले ते येथील ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही. १९५७ मध्ये आंबीवर मातीच्या धरणाचे काम सुरू झाले, १२ जुलै १९६१ रोजी अपुरे धरण भर पावसात फुटले, त्याच दिवशी खालचे, १८७९ पासूनचे खडकवासला धरणही गेले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पुढे धरण पुन्हा बांधले गेले, तानाजीसागर भरला आणि शेजारी मोसे नदीवर वरसगावचे पाणी वीर बाजी पासलकरांच्या नावाने साठले. बुडणाऱ्या गावातून मारुती हलवता येतो, भैरवनाथ हलवता येतो, वर नव्या गावठाणात त्याला सिमेंटचे देऊळही मिळते. आसरांचे तांदळे उचलता येतील, पण त्यांचा डोह उचलता येत नाही, आणि डोहाशिवाय आसरा हा निव्वळ दगड आहे. धरणाच्या कागदपत्रांत घर, झाड, विहीर यांची किंमत धरली जाते. डोहाचे नाव कोणत्याही रकान्यात बसत नाही.

आज या पाण्यावर यांत्रिक बोटी धावतात आणि पर्यटनस्थळी शेपटीची, मोकळ्या केसांची सिमेंटची जलपरी उभी करण्याची हौस महाराष्ट्रात सर्वत्र वाढलेली आहे. ती कोणी करू नये असे नाही, परंतु परक्या किनाऱ्यावरची ही पाहुणी ज्या घरात उतरते त्या घरच्या सातजणींची नावे यजमानालाच ठाऊक नसावीत, हे शोभणारे नाही. १९६१ पूर्वीचे आंबीचे पात्र, तिचे डोह, उतार आणि काठची ठाणी ज्यांनी पाहिली ती माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांत बायकांची आठवण अधिक मोलाची आहे, कारण ओटी त्यांनी भरली होती. भोर आणि वेल्ह्यातील शाळा, ग्रामपंचायती आणि महाविद्यालये यांनी गावोगावच्या अशा आजीबाईंकडे बसून प्रत्येक डोहाचे नाव, तेथील दगडांची जागा, नैवेद्याचा वार आणि पाण्यावर न जाण्याच्या वेळा लिहून काढाव्यात, नकाशावर खुणा कराव्यात आणि ही वही निदान ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. या कामाला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये.